तांदळातले देव

सासूबाईंचा फोन दर रविवारी सकाळी नऊला पुण्याहून यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "देव कसे आहेत?" त्यांचा मुलगा अमेरिकेत नीट जेवतो का, हा दुसरा. मी कशी आहे हा तिसरा, तोही फोन ठेवता ठेवता. मी सांगायचे, "देव मजेत आहेत, आई." त्यात खोटं काही नव्हतं. रविवारी सकाळी नऊला आमचे देव खरंच मजेत असायचे. न्हाऊन, गंध लावून, डोक्यावर जास्वंद आणि समोर दुधाची वाटी. सासूबाई बुधवारी फोन करत नसत, हे माझं नशीब.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. लग्नानंतर आम्ही दोघं नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलो आणि राजाजीनगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. वर्ष होतंय न होतंय तोच नवऱ्याला त्याच्या कंपनीने अमेरिकेला धाडलं. मागे राहिलो मी, दोन खोल्या, एक फ्रिज आणि पाच देव. माझं ऑफिस पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याच्याही पलीकडे. ऑफिसची बस कोपऱ्यावर सात दहाला यायची आणि सात अकराला ती तिथे नसायची. संध्याकाळी घरी पोचायला पावणेआठ. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक गोंधळतील म्हणे, तर ते गोंधळू नयेत म्हणून आम्ही जुने प्रोग्रॅम उसवून त्यातल्या तारखा दुरुस्त करत बसायचो. कुठल्या तरी परक्या देशातल्या लोकांच्या तारखा सांभाळता सांभाळता आज वार कोणता, हे मला आठवत नसे.

देव सासूबाईंचे. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, एक शाळिग्राम आणि कुलदेवीचा चांदीचा टाक. सासरे गेल्यापासून त्या पुण्यात एकट्याच राहायच्या. मग कंपवाताने त्यांचे हात थरथरायला लागले, आणि एक दिवस त्यांनी पाचही देव रेशमी फडक्यात बांधून माझ्या ओटीत घातले. "थोरल्याकडे जायचेच होते, आज गेले," म्हणाल्या. "फार काही करू नकोस. पण उपाशी ठेवू नकोस." मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत असे.

पहिले तीन आठवडे रोज पाचला उठून पूजा केली. म्हणजे हात पूजा करायचे, डोकं केव्हाच सात दहाच्या बसमध्ये जाऊन बसलेलं असायचं. एकदा बस निम्म्या वाटेवर असताना आठवलं, गणपतीला ताम्हनात ठेवून वर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याला बाहेर काढलाच नाही! दिवसभर तारखा तपासतेय आणि डोळ्यांसमोर तो बुडालेला गणपती. संध्याकाळी दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर आले तर हा आपला ताम्हनाच्या तळाशी शांत बसलेला. मी त्याला पुसलं आणि चक्क ओरडले, "अरे, मला आठवण नाही का करायची?" मग स्वतःचंच हसू आलं. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा प्रश्न पडला की मी रोज पहाटे जे करते ती प्रार्थना आहे का? नसेल, तर प्रार्थना म्हणजे नक्की काय असतं, आणि तिला किती मिनिटं लागतात?

प्रश्न पडला की गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. मी लोकांना विचारत सुटले. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर हिशेब खात्यातल्या एक तमिळ बाई बसायच्या, त्यांचे ओठ सारखे हलायचे. म्हटलं, काय म्हणता हो? त्या म्हणाल्या, देवीचं स्तोत्र. रेल्वे फाटकापाशी सुरू करायचं, तलाव आला की संपतं. "आणि फाटक बंद असलं तर?" "मग दोनदा होतं." मी खूश. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी शुक्रवारी दुपारी एकला उठून मशिदीत जायचा, मग साहेब डोक्यावर येऊन उभा राहिलेला का असेना. त्याला विचारलं, "टाइम कैसे निकालते हो?" तो म्हणाला, "निकालता नहीं. जुम्मा है, तो जाता हूँ." हे उत्तर मला फार आवडलं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. त्यांचं घराणं मराठीच, पण तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी त्यांना अक्का म्हणायचे आणि त्यांच्या यजमानांना अण्णा. अक्का तुळशीला प्रदक्षिणा घालता घालता दूधवाल्याशी कन्नडमध्ये भांडायच्या, आणि प्रदक्षिणांचा आकडा कधी चुकायचा नाही. म्हटलं, "अक्का, ह्या सगळ्या गडबडीत तुम्ही देवाशी बोलता तरी कधी?"

"बोलायचं काय त्याच्यात?" अक्का म्हणाल्या. "स्वल्प हात जोडायचं, सरी, झालं, कामाला लागायचं. आपल्या घरात काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही की काय?"

थोडक्यात, ज्याने त्याने आपापली सोय लावून घेतली होती. मग मीही लावली. आमच्या घरात एक रीत आहे. सगळं घर गावाला जायचं असलं की देव तांदळात ठेवायचे. स्वच्छ पातेल्यात तांदूळ ओतून त्यात देव बसवायचे. मागे पूजा नाही, नैवेद्य नाही, पण देव अन्नात बसलेले, म्हणजे उपाशी नाहीत. परत आलं की त्यांना आंघोळ घालायची आणि त्याच तांदळाचा भात करून खायचा. एका सोमवारी पहाटे ताम्हन हातात घेऊन उभी होते आणि एकदम डोक्यात आलं, अगं, तू रोज गावालाच तर जातेस! सातला घर सोडायचं, पावणेआठला परत यायचं, याला गावाला जाणं नाही तर काय म्हणायचं? पितळी पातेल्यात तांदूळ ओतले, पाचही देव त्यात ठेवले आणि त्यांना सांगितलं, "येते मी शनिवारी." रीत मोडली नव्हती आणि सासूबाईंची अटही पाळली होती. इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी बससाठी धावावंसुद्धा लागलं नाही.

त्यानंतर आठ महिने हेच. पाच दिवस देव तांदळात, दोन दिवस बाहेर. गंमत अशी की शनिवारची पूजा मला आवडायला लागली. चांगला तासभर लावायचे. शाळिग्रामावर पाणी घातलं की तो आधी काळाभोर दिसतो आणि वाळता वाळता निळसर होतो, हे मला तेव्हा कळलं. अन्नपूर्णेच्या हातातली पळी झिजून झिजून नखाएवढी उरलीय, तेही तेव्हाच दिसलं. मी काही मागायचे नाही, स्तोत्र येत नव्हतंच. नुसती बघत बसायचे. ही प्रार्थना का? कुणाला विचारावं तर तांदळाचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची माझी छाती नव्हती.

आणि एका बुधवारी सासूबाई स्वतःच आल्या. त्यांच्या पुण्याच्या शेजारीणबाई इथे बंगळूरला जे. पी. नगरात लेकीकडे निघाल्या होत्या, आयती सोबत मिळतेय म्हणून ह्याही बॅग भरून निघाल्या. तसं पत्र टाकलं होतं म्हणे. ते पत्र शुक्रवारी आलं. फोनही दोनदा केला होता, पण भर दुपारी, तेव्हा तो उचलणार कोण? अक्कांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून दिलं, कॉफी करून दिली आणि सांगितलं, "ऑफिसला गेलीया, संध्याकाळी येती." सासूबाई हातपाय धुऊन देवांना नमस्कार करायला गेल्या. देव्हारा रिकामा. खाली पातेलं, आणि पातेल्यात देव.

पुढचं सगळं मला अक्कांनी नंतर हातवाऱ्यांसकट करून दाखवलं. सासूबाई पातेल्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ती गावाला गेलीय."

"छे हो! सकाळी माझ्या डोळ्यासमोर बसला धावली की," अक्का म्हणाल्या.

"तुम्हाला तसं दाखवलं असेल. देव तांदळात आहेत. ती घर बंद करून गेलीय."

अक्कांनी गळ्याची शपथ घेतली. पण अक्का पडल्या परक्या, आणि देव घरचे. आमच्या घरात देव तांदळात आहेत आणि माणूस मात्र घरात आहे, असं आजवर कधी झालं नव्हतं. नवरा परदेशात, सून घर बंद करून बेपत्ता, वर घरमालकिणीला ऑफिसची थाप मारलेली! माझ्या ऑफिसचा नंबर माझ्या पर्समधल्या डायरीत, आणि पर्स माझ्याबरोबर. त्यामुळे सासूबाईंनी कोल्हापूरला माझ्या वडिलांना फोन लावला. वडिलांना काही माहीत नव्हतं, म्हणजे संशय आणखी पक्का. मग नागपूरला धाकट्या मुलाला, आणि त्याने अमेरिकेला ई-मेल करून माझ्या नवऱ्याला विचारलं, वहिनी कुठे आहे?

वहिनी पावणेआठला जिना चढून वर आली तर दार सताड उघडं. आत अक्का उभ्या, सासूबाई खुर्चीत, आणि फोन अण्णांच्या कानाला, पलीकडे माझे वडील. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी खरंच कुठून तरी पळून परत आलेय असं मलाच वाटलं.

"अगंबाई, आई! तुम्ही कधी आलात?" मी नमस्काराला वाकले.

"तू कुठून आलीस?"

"ऑफिसातून."

"मग देव तांदळात का?"

ह्या प्रश्नाची उत्तरं आठ महिन्यांत मनातल्या मनात किती वेळा घोकली होती. आयत्या वेळी तोंडातून निघालं ते असं, "आई, मी रोज गावाला जाते." अण्णांना हसू आवरेना. ते फोन माझ्या हातात देऊन खोकत खोकत खाली गेले. सासूबाई हसल्या नाहीत. मी वडिलांची समजूत घातली, फोन ठेवला, आणि मग सगळं सांगितलं. बस, ताम्हनातला गणपती, सोमवार, शनिवार. माझं संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारचं माझं परतीचं तिकीट आहे. जाताना देव घेऊन जाईन. नागपूरला धाकटीकडे देईन. ती दिवसभर घरी असते."

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. चला, पहाटेची कटकट गेली. हे वाटणं सकाळी दात घासेपर्यंत टिकलं. मग इतका राग आला की ब्रश बेसिनमध्ये आपटला. का आला? जी गोष्ट मला जमत नव्हती ती कुणी नेत असेल तर माझं काय जातंय? बसमध्ये बसल्यावर ह्याचाच विचार करत राहिले, आणि तलाव आला तरी उत्तर मिळालं नाही. धाकटी जाऊ भली बाई, देवांना रोज खिरीचा नैवेद्य दाखवील. पण शाळिग्राम निळा होईपर्यंत ती बघत बसेल का? आणि न बसली तर शाळिग्रामाचं काय बिघडणार?

सासूबाईंनी मात्र चमत्कारिकच केलं. मला वाटलं होतं, गुरुवारी सकाळी देव तांदळातून बाहेर निघतील. तर म्हणाल्या, "मी आहे तोवर तू करतेस तसंच कर. मला बघायचंय." म्हणून देव तांदळातच राहिले आणि त्या पातेल्यासमोर बसून राहिल्या. उजवा हात पदराखाली धरून. मी सातला निघताना तिथेच, संध्याकाळी आले की तिथेच. अक्का मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय की गं, दिवसभर जागा सोडत नाहीत. खाली कॉफीला या म्हटलं तर नको म्हणतात."

शनिवारी मी पूजा केली तेव्हाही त्या नुसत्या बघत होत्या. अन्नपूर्णेच्या पळीवरून मी हळूच विषय काढला. म्हणाल्या, "माझ्या लग्नात ती चांगली बोटाच्या पेराएवढी होती." मग धीर करून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"आई, तुम्ही डोळे मिटून देवांना काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? आज भाजी कुठली करू, हेच विचारायचे. इतकी वर्षं तेच विचारलं." मग म्हणाल्या, "आता एकटीसाठी काय विचारायचं?"

मला वाटलं होतं काही तरी गहन सांगतील. मी हिरमुसले आणि भाताचं बघायला उठले.

सोमवारी पहाटे मी देव परत तांदळात ठेवताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुठे चाललीस ते सांगतेस का त्यांना?"

"सांगते ना. महादेवपुऱ्याच्या पलीकडे."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. पण ठरलं होतं ते ठरलंच होतं. मंगळवारी त्यांनी अक्कांकडून रेशमी फडकं मागून आणलं, देव बांधायला. रोज संध्याकाळी ते घडी घातलेलं फडकं देव्हाऱ्याशेजारी दिसायचं. मोठ्या माणसासमोर काय बोलायचं? देव त्यांचे, चूक माझी. मी गप्प बसले. मी गप्प बसले, म्हणजे बघा.

शेवटच्या शनिवारी ऑफिस होतं. कसल्याशा चाचण्या होत्या, सगळ्यांना बोलावलं होतं, बस नेहमीच्याच वेळेला. निदान शेवटची पूजा नीट करावी म्हणून साडेचारला उठले. बघते तर सासूबाई न्हाऊन ताम्हनापुढे बसलेल्या.

"आज मी घालते आंघोळ," म्हणाल्या. "तू माझं मनगट धर."

मी त्यांच्या मागे बसून दोन्ही हातांनी मनगट धरलं. हाडंच ती, आणि आत काही तरी सारखं फडफडत होतं. मी घट्ट धरलं तर त्या म्हणाल्या, "इतकं नको, दुखतं." सैल धरलं तर पळीतलं पाणी गणपतीऐवजी माझ्या मांडीवर. असं करत करत गणपती झाला, अन्नपूर्णा झाली, टाक झाला, शाळिग्राम झाला. फार वेळ लागला. साडेसहा वाजून गेले, मग पावणेसात. मग त्यांनी बाळकृष्ण उचलला, आणि तो आम्हा दोघींच्या चार हातांतून सटकला, लाल जमिनीवर ठण्णकन आपटला आणि गडगडत फ्रिजखाली गेला.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी पालथी पडले आणि फ्रिजखाली हात घातला. हात पुरेना. झाडू जवळच होता, पण देवाला झाडू लावायचा नाही एवढं भान होतं, म्हणून लाटणं घेतलं. गाल जमिनीला टेकलेला, नाकातोंडात धूळ, आणि वरून सासूबाईंचा आवाज, "बघितलंस? म्हणूनच दिले होते. पुण्यात तीनदा पडला हा. शेवटी शेवटी मी त्यांना आंघोळच घालत नव्हते. नुसती समोर बसायचे आणि विचारलं कुणी तर सांगायचे, झाली पूजा."

"पडला तर पडला!" मी तशीच पालथी ओरडले. "उचलायला मी आहे ना! आणि नागपूरला बिगपूरला कुठे जायचं नाही ह्यांनी."

"म्हणजे?"

"म्हणजे मी देणार नाही. पाच दिवस तांदळात राहतील, दोन दिवस बाहेर राहतील, पण इथे राहतील. तुम्हाला राग येतोय तर येऊ दे."

त्यांच्याशी असं मी कधीच बोलले नव्हते. कोपऱ्यावर बसने हॉर्न दिला, आम्ही दोघींनीही तो ऐकला, आणि बस गेली. मला वाटलं, आता ह्या बोलायच्याच बंद होणार.

"मग मलाही ठेवून घे," सासूबाई म्हणाल्या.

मी लाटणं हलवायची थांबले.

"पुण्यात मी अजून पाचला उठते," त्या म्हणाल्या. "आंघोळ करते, देव्हाऱ्यासमोर जाऊन बसते, आणि तिथे कुणी नसतं गं. मग सगळा दिवस असतो पुढे."

आठ महिने मी देवांना सांगत होते, वेळ नाही, वेळ नाही. आणि ज्या बाईकडे वेळाशिवाय काही उरलं नव्हतं, तिचेच देव मी घेऊन आले होते. साऱ्या जगाला प्रश्न विचारत हिंडले, हे मात्र माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला भयंकर लाज वाटली. "राहा," मी म्हटलं, पण घशात धूळ गेली होती, आवाजच फुटला नाही. मी बाळकृष्णाला क्षणभर फ्रिजखालीच राहू दिलं, उठून त्यांच्या समोर बसले आणि पुन्हा म्हटलं, "राहा, आई."